कोण कशानं गेलं?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले, चहा अजून यायचा होता. तेवढ्यात आम्ही सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. तुमची आजी कशानं गेली? आजोबा कशानं गेले?

उत्तरं अशी आली. "पोटात गोळा उठायचा तिच्या." "तिनं मुलाची हाय खाल्ली." "अन्न तुटलं होतं, महिनाभरात आटोपलं." "कावीळ होती म्हणतात." "म्हातारपण, दुसरं काय!" एकीनं तर सांगितलं, "बाहेरचं काहीतरी आहे म्हणायचे सगळे." आम्ही चौदा जणी होतो. आपल्या आईचे आईवडील आणि वडिलांचे आईवडील, अशा चौघांबद्दल नक्की सांगू शकेल अशी एकही निघाली नाही.

एक जण मात्र काहीच बोलली नाही. निघताना चपला घालता घालता तिनं हळूच सांगितलं. तिचे वडील, चुलते आणि आता थोरला भाऊ, तिघांचं दुखणं एकाच वाटेनं गेलं. संडासवाटे रक्त. भाऊ दोन वर्षं मूळव्याधीचं औषध घेत होता. शेवटी निघाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. वय अवघं बेचाळीस. ती म्हणाली, "माहेरची गोष्ट चारचौघींत कशी सांगू? पोरगी लग्नाची आहे माझी."

तिला विचारूनच, नाव-गाव न सांगता, हे आम्ही तुमच्यापुढे ठेवतोय. कारण तिचं ऐकलं आणि आम्हाला इतिहासातली एक बाई आठवली. सव्वाशे वर्षांपूर्वी, साता समुद्रापलीकडे, तिनंही आपल्या माहेरची हीच गोष्ट सांगितली होती. आणि ती सांगितली म्हणून पुढे कितीतरी जीव वाचले. आजचं आमचं बोलणं तिच्याबद्दल आहे.

तिचं नाव पॉलीन ग्रॉस. अमेरिकेत मिशिगन नावाचं राज्य आहे, तिथल्या अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावात ती राहायची. शिवणकाम करायची. १८९५ साली तिची गाठ डॉक्टर ऑल्ड्रेड वॉर्थिन यांच्याशी पडली. वॉर्थिन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करायचे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या आणि त्या साध्या की कॅन्सरच्या ते सांगायचं, हे त्यांचं काम. पॉलीन उदास दिसली म्हणून त्यांनी कारण विचारलं. ती म्हणाली की आज मी धडधाकट दिसते, पण मी लवकरच मरणार. जठराच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं. आमच्या घराण्यात बहुतेक जण असेच गेले.

आता विचार करा. तरणीताठी बाई, दुखत-खुपत काही नाही, आणि म्हणते मी अमुक रोगानं मरणार. दुसऱ्या कुणी तिला "मनात काही आणू नकोस" म्हणून वाटेला लावलं असतं. आपल्यालाही असंच लावतात की नाही? वॉर्थिन यांनी तसं केलं नाही. त्यांनी तिचं बोलणं खरं धरलं आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या नोंदी काढून पाहायला सुरुवात केली.

पण नोंदी किती पुरणार? ज्यांचं ऑपरेशन त्या दवाखान्यात झालं, त्यांचीच नावं तिथं. जे घरच्या खाटेवर गेले, त्यांची माहिती फक्त घरातल्या माणसांच्या आठवणीत. ती आठवण पॉलीननं गोळा केली. एक-दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं. कोण कुणाचा मुलगा, कुणाला काय झालं, कितव्या वर्षी झालं, हे तिनं जमवत नेलं आणि डॉक्टरांना देत गेली.

वॉर्थिन यांनी हे सगळं १९१३ साली छापलं. घराण्याची ओळख झाकावी म्हणून नाव दिलं 'जी घराणं'. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या एका पुरुषाचं हे कुटुंब, आणि तो आजोबा स्वतः कॅन्सरनं गेलेला. त्याच्या ४८ वंशजांपैकी १७ जणांना कॅन्सर झाल्याचं दिसलं. त्यात गर्भाशयाचे १० आणि जठराचे ७.

त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांना हे पटलं नाही. कॅन्सर काही घराण्यात उतरत नाही, असं ते धरून चालायचे. आणि वॉर्थिन यांचीही एक मोठी चूक सांगायलाच हवी. माणसांची पैदास जनावरांसारखी निवडून करावी, असा एक विचार तेव्हा अमेरिकेत जोरात होता. वॉर्थिन त्या विचाराचे होते. म्हणजे पॉलीननं विश्वासानं दिलेली माहिती, आणि तिचा अर्थ लावला गेला तो असा, की अशा रक्ताची माणसं वाढू नयेत. मैत्रिणींनो, आमच्या गटातली ती बाई ज्याला भ्याली, ते हेच. आजार सांगितला की घराण्याला डाग लागतो. म्हणजे ही भीती नुसती आपल्या गावची नाही, आणि ती खोटीही नाही. म्हणूनच आजाराची माहिती कुणाच्या हातात द्यायची आणि कशासाठी द्यायची, हे आपण ठरवायचं.

पॉलीन १९१९ साली वारली. चाळिशीत होती. गर्भाशयाचा कॅन्सर झाला. तिनं सांगितलं होतं तसंच घडलं, आणि तिला वाचवण्यासारखं काही तेव्हा कुणाच्या हातात नव्हतं.

पुढची चाळीसेक वर्षं ही गोष्ट जवळजवळ कपाटातच राहिली. मग १९६२ साली नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात हेन्री लिंच नावाच्या तरुण डॉक्टरांपुढे एक रुग्ण आला. दारूनं बेजार झालेला. का पितोस असं विचारल्यावर तो म्हणाला की आमच्या घरात सगळे आतड्याच्या कॅन्सरनं मरतात, मीही मरणार, म्हणून पितो. लिंच यांनीही ऐकून सोडून दिलं नाही. अ‍ॅन क्रश नावाच्या समाजसेविका त्यांच्यासोबत होत्या. दोघांनी मिळून त्या माणसाच्या नातेवाइकांची वंशावळ मांडली. १९६६ साली त्यांनी अशी दोन घराणी जगापुढे ठेवली. मग मिशिगनच्या कपाटातली 'जी घराण्या'ची जुनी कागदपत्रं त्यांच्याकडे आली. १९७१ साली लिंच आणि क्रश यांनी पॉलीनच्या घराण्याचा पुन्हा सगळा हिशेब मांडला. तोवर रक्ताचे नातेवाईक ६५० च्या वर गेले होते. या घराणेशीर आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात.

या नव्या हिशेबात एक गोष्ट दिसली. ती आपण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पॉलीनच्या वेळी घराण्यात जठराचा कॅन्सर जास्त होता. पुढच्या पिढ्यांत जठराचा कमी झाला आणि मोठ्या आतड्याचा वाढला. रक्त तेच, घराणं तेच. मग बदललं काय? जेवण बदललं, राहणी बदलली. जुन्या काळी मांस-मासे टिकवायचे म्हणजे मीठ लावून, खारवून, धुरी देऊन. पुढे घरोघरी फ्रिज आले, ताजी फळं-भाज्या बारमाही मिळू लागल्या, पाणी आणि राहणी स्वच्छ झाली. जठरात राहणारा एक जंतू असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. लहानपणी घरातल्या माणसांकडून, घाण पाण्यातून तो पोटात जातो आणि वर्षानुवर्षं जठराला सूज आणत राहतो. हा जंतू ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली शोधून काढला. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन दाखवला! दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. जठराच्या कॅन्सरचं हे एक मोठं कारण, आणि अँटिबायोटिकनं तो जंतू मारता येतो. त्याची लागण असलेल्या प्रत्येकाला काही कॅन्सर होत नाही. पण स्वच्छ पाणी आणि स्वच्छ हात म्हणजे नुसता जुलाबावरचा उपाय नाही, हे यातून कळतं.

आणि आतड्याचा का वाढला? बैठं काम, वाढतं वजन, दारू, सिगारेट-बिडी, आणि डब्यात किंवा पाकिटात येणारं, टिकाऊ केलेलं मांस. ही सगळी त्याची कारणं आज पक्की ठाऊक आहेत. भाकरी, डाळी-उसळी, पालेभाज्या यांतल्या चोथ्यानं आतड्याचं रक्षण होतं. आपलं जुनं ताट काही वाईट नव्हतं, मैत्रिणींनो. हल्ली पोरांच्या हातात दिसतात त्या पुड्यांचा विचार करायला हवा.

थोडक्यात, रक्तातून येतो तो धोका. पुढे काय होईल ते नुसतं रक्तावर ठरत नाही.

आता रक्तातून येतं ते नेमकं काय, तेही समजून घेऊ. पॉलीन शिवणकाम करायची, म्हणून त्यातलंच उदाहरण देतो. कपडा शिवताना टीप वाकडी गेली तर आपण काय करतो? उसवतो आणि पुन्हा घालतो. आपल्या शरीरात रोज नव्या पेशी तयार होतात. त्या घडताना आतल्या मजकुराची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होतात. त्या शोधून उसवणारी, दुरुस्त करणारी यंत्रणा शरीरातच असते. तिचं काम ज्या जनुकांवर चालतं, त्यातलं एक एमएसएच-२. ते १९९३ साली सापडलं. पॉलीनच्या घराण्यात नेमकं हेच जनुक बिघडलेलं होतं. वाकडी टीप तशीच राहते, चुकीवर चूक साचते आणि कमी वयातच कॅन्सर होऊ शकतो. आई किंवा बाप, कुणाकडूनही हा दोष येतो. मुलगा असो की मुलगी, प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. २००५ साली या घराण्याची शंभर वर्षांची कहाणी छापून आली, तेव्हा ९२९ वंशजांची नोंद झालेली होती. पॉलीनची शंका तिच्या मरणानंतर इतक्या वर्षांनी रक्ताच्या तपासणीत खरी ठरली. याच घराण्यातल्या लेखिका एमी मॅके यांनी २०१९ साली पुस्तक लिहून घराण्याची गोष्ट उघड सांगितली. लपवायचं नाव त्यांनी आपणहून पुढे आणलं.

तुम्ही विचाराल, हे कळून उपयोग काय? उपयोग असा. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुधा एका छोट्या गाठीपासून सुरू होतो. आतड्याच्या आतल्या अस्तरावर चामखिळीसारखी ती उगवते. तिला पॉलिप म्हणतात. साधारण माणसात पॉलिपचा कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात. लिंच सिंड्रोममध्ये दोन-तीन वर्षांतही होतो. १९६९ पासून दुर्बिणीची नळी गुदद्वारातून आत घालून पॉलिप पाहता येतो आणि पोट न फाडता तिथल्या तिथं काढताही येतो. म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच त्याची मुळी खुडता येते.

फिनलंड देशात अशा २२ घराण्यांतल्या लोकांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं. १३३ जणांनी दर तीन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करून घेतली. ११९ जणांनी घेतली नाही. तपासणी घेणाऱ्यांत ८ जणांना आतड्याचा कॅन्सर झाला, पण त्यानं मेलं कुणीच नाही. न घेणाऱ्यांत १९ जणांना झाला आणि ९ जण गेले. हे आकडे २००० साली छापले गेले. पॉलीननं माणसं मोजली ती मरणाची. इथं तीच मोजणी जगण्याची झाली.

घराण्यात काही नसलं तरी कॅन्सर होतोच. खरं तर आतड्याच्या शंभर कॅन्सरांत लिंच सिंड्रोमचे तीनच्या आसपास असतात. बाकीच्यांसाठी एक सोपी तपासणी आहे. शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का ते पाहायचं. काडीनं थोडासा अंश कार्डावर लावून द्यायचा, तोही घरच्या घरी. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ४६,५५१ लोकांवर हे करून पाहिलं. १९९३ साली निकाल आला, की दर वर्षी ही तपासणी करणाऱ्यांत आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाले. जपानमध्ये जठराचा कॅन्सर फार, म्हणून तिथं १९६० च्या दशकापासून एक्स-रेची गाडीच गावोगाव फिरायला लागली.

आपल्याकडे काय आहे? सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड, या तीन कॅन्सरची तपासणी ठरलेली आहे. ती सोडू नका. जठर आणि आतडं त्या यादीत नाही. त्यामुळे कुणी आपल्या दारात येऊन "तुमच्या वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता का" असं विचारेल याची वाट पाहून चालणार नाही. हे आपणच सांगायचं आहे.

काय सांगायचं, ते ओळखायची एक युक्ती तज्ज्ञांनी अ‍ॅमस्टरडॅम शहरात बसून १९९० साली ठरवली. लक्षात ठेवायला अगदी सोपी. तीन-दोन-एक. रक्ताच्या तीन नातेवाइकांना आतड्याचा कॅन्सर, त्यातला एक बाकी दोघांचा आई-बाप, भाऊ-बहीण किंवा मूल. सलग दोन पिढ्यांत. आणि निदान एकाला पन्नाशीच्या आत. पुढे त्यात गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही धरू लागले. तीन-दोन-एक जुळलं तर डॉक्टरांपुढे हे नक्की मांडा. तीन पुरे झाले नाहीत, पण आई, बाप, भाऊ, बहीण यांतल्या एकाला जरी कमी वयात झाला असेल, तरी मांडा.

आता आमच्या त्या मैत्रिणीकडे परत येऊ. वडील, चुलते, भाऊ. तीन. पिढ्या दोन. भावाचं वय बेचाळीस. वडील आणि चुलते नेमके कशानं गेले याचा कागद नाही, पण शंका घ्यायला एवढं पुष्कळ आहे. आणि हे सगळं जमवू शकणारी घरात ती एकटीच होती. भावाला औषधपाण्यातून सवड नाही, भावजय दुसऱ्या घरातून आलेली.

बाईच्या माहितीची अशीच फाटाफूट होते. आपण लग्न करून येतो, आडनाव बदलतं, दवाखान्यात केसपेपरवर नवऱ्याचं नाव लागतं. डॉक्टरांनी "घरात कुणाला काही आजार?" असं विचारलं की आपण सासरचं सांगतो. सासूचा मधुमेह, दिराचा दमा. पण आपल्या अंगात रक्त माहेरचं आहे! आपला धोका माहेरात शोधायचा. आणि लेकरांसाठी दोन्हीकडचं पाहायचं.

म्हणून एक काम करा. वहीचं एक पान घ्या. एका बाजूला माहेर, दुसऱ्या बाजूला सासर. आजी-आजोबा, आई-वडील, मामा, मावशी, आत्या, काका, भावंडं. कोण कशानं गेलं, कितव्या वर्षी, जे कळेल ते. "पोटाचं दुखणं", "अंगावरून जायचं", असं मोघम असलं तरी लिहा. दिवाळीला, भाऊबीजेला माहेरी जाल तेव्हा जुन्या बायांना विचारा. त्यांच्यासोबत ही माहिती जाते.

आणि स्वतःकडेही बघा. संडासवाटे रक्त आलं तर मूळव्याध धरून बसू नका, एकदा तपासून घ्या. संडास डांबरासारखी काळी होते, पोटाची सवय महिनाभर बदललेली आहे, दोन घास खाल्ले की पोट भरतं, वजन उतरतंय, तर दाखवा. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, तर गोळ्या चालू असतील ते सांगा. अंगात रक्त कमी म्हटलं की आपल्याला पाळीचं कारण देतात. पण पाळी जाऊन वर्षं झाली आणि तरी रक्त भरत नसेल, तर गोळ्यांवर गोळ्या घेण्याआधी विचारा, "डॉक्टर, हे रक्त जातंय कुठं?"

आमच्या मैत्रिणीनं पान लिहिलं. मोठ्या दवाखान्यात ते दाखवलं. दुर्बिणीच्या तपासणीसाठी तिला आणि धाकट्या भावाला पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली आहे. आमच्यातल्या दोघी सोबत जाणार आहोत. लेकीला तिनं स्वतःच सगळं सांगितलं. लेक म्हणाली, "बरं झालं सांगितलंस, मलाही पुढे तपासून घेता येईल."

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपापलं पान आणायचं ठरलंय. वाचून दाखवायची सक्ती नाही. तुमच्या गटातही करून पाहा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.